‘जातो’ म्हणू नये

गेल्या वर्षीच्या श्रावणातला एक रविवार. देवापाशी दिवा लागला होता, आमच्या मातोश्रींचे स्तोत्र म्हणून झाले होते, आणि आमच्या सौभाग्यवती नेहमीप्रमाणे मोबाइल फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या होत्या. पलीकडे स्पेन देश. आमची कन्या व जावई गेली सात वर्षे त्या देशाच्या उत्तर भागातील एका शहरी राहतात. नकाशात आपण त्याचे नाव ‘व्हॅलाडोलिड’ असे वाचतो. तिथला माणूस ‘बायादोलिद’ म्हणतो. जावई मोटारींच्या कारखान्यात अभियंता आहेत. नात तिथेच जन्मली. तिला नुकती पाच वर्षे पुरी झाली होती. घरात ती मराठी बोलते आणि दाराबाहेर पाऊल पडले की स्पॅनिश.

आमच्याकडे साडेसात, म्हणजे त्यांच्याकडे उन्हाळ्यातले दुपारचे चार. नात आतल्या खोलीत खेळत होती. सौभाग्यवतींनी हाक मारली, “ये गं सोन्या, इकडे ये बघू!” आतून उत्तर आले, “या बोय!”

सौभाग्यवती आमच्याकडे पाहू लागल्या. “ही ‘या’ म्हणते आणि लगोलग ‘बाय’ कशाला म्हणते?”

कन्या हसली. “अगं आई, ते ‘बाय’ नव्हे, ‘बोय’. ‘बोय’ म्हणजे ‘जाते’. आणि ‘या’ म्हणजे ‘आत्ता’, ‘लगेच’.”

झाले! समजुतीसाठी दिलेल्या स्पष्टीकरणाने प्रकरण अधिकच बिघडले. “मी ‘ये’ म्हणते आणि पोर ‘लगेच जाते’ म्हणते?” असे सौभाग्यवती म्हणतात न म्हणतात तोच ‘जाते’ म्हणणारी मुलगी धावत येऊन पडद्यावर उभी राहिली. कन्येने पुष्कळ सांगून पाहिले की, तिथे असेच म्हणतात, त्यात वाईट काही नाही. परंतु मातोश्री जपमाळ ओढता ओढता एवढेच म्हणाल्या, “जातो म्हणू नये, शिकवा तिला.” त्या रात्री आमच्या घरी जेवणे जरा मुक्यानेच झाली.

आम्ही तीस वर्षे बेळगावकडच्या सरकारी मराठी शाळांतून व्याकरण शिकविले आहे. मराठी घेऊन एम. ए. झालो आहो. असे असता ‘येते’ या अर्थी ‘जाते’ का म्हणतात, याचे उत्तर स्वतःच्या पत्नीस देता येऊ नये, ही गोष्ट आमच्या मनास लागली. सगळी स्पॅनिश भाषा शिकण्याचे हे वय नव्हे. सेवानिवृत्तीस तीन वर्षे उरली आहेत आणि शाळेचे कागद रात्री घरी येतात. पण एक क्रियापद तरी शिकावे, असा निश्चय करून आम्ही दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले : ‘इर’, जाणे.

स्पॅनिशमध्ये क्रियापदांची तीन कुळे आहेत. मूळ रूपाच्या अंती ‘आर’, ‘एर’ किंवा ‘इर’ यांपैकी एक प्रत्यय असतो. आपल्याकडे ‘करणे, बसणे, लिहिणे’ यांच्या अंती ‘णे’ येतो तसेच हे. ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘कोमेर’ म्हणजे खाणे, ‘बिबीर’ म्हणजे जगणे. प्रत्यय काढला की धातू हाती येतो : आब्ल्, कोम्, बिब्. मग त्या धातूस पुरुष आणि काळ यांचे प्रत्यय जोडीत जावे. वाचकहो, आता ‘इर’मधून ‘इर’ काढून पाहा. हाती काय उरते? काही नाही! संपूर्ण शब्द म्हणजे केवळ प्रत्यय. धातूच्या जागी शून्य. आमचे एक पान इथेच फुकट गेले.

मग रूपे चालवावयाची ती कशाची? वर्तमानकाळ असा : बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान. म्हणजे मी जातो, तू जातोस, तो जातो, आम्ही जातो, तुम्ही जाता, ते जातात. (लिहिताना इथे ‘व’चे अक्षर असते, उच्चार मात्र ‘ब’कडे झुकतो. ‘वन’चे ‘बन’ करणाऱ्या आमच्या उत्तरेकडील बंधूंना यात नवल वाटू नये.) ‘इर’चा यात मागमूस नाही. रीतिभूतकाळात मात्र तो डोके वर काढतो : इबा, इबास, इबा, इबामोस. याला आपल्याकडे नेमका जोड आहे. ‘तो रोज नदीवर जाई’ यातला ‘जाई’ म्हणजेच ‘इबा’. जुन्या मराठी गद्यात पानोपानी भेटणारे आणि आजच्या मुलांच्या निबंधांतून जवळजवळ नाहीसे झालेले हे रूप स्पेनमध्ये पाच वर्षांची मुले दिवसभर वापरतात, हे कळल्यावर आम्हांस थोडा हेवाच वाटला. तिसरी तऱ्हा साध्या भूतकाळाची : फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन. ‘बोय’, ‘इबा’ आणि ‘फुई’ या तिघी सख्ख्या बहिणी आहेत, असे चेहऱ्यावरून कोण म्हणेल?

त्या सख्ख्या नाहीतच. लॅटिन भाषेत जाणे या अर्थाचे एक क्रियापद ‘ईरे’ होते. दुसरे ‘वादेरे’, त्यात झपाझप चालत निघण्याची छटा होती. आणि तिसरे असणे या अर्थाचे, ज्याचे भूतकाळी रूप ‘फुई’. लॅटिनची स्पॅनिश होता होता ‘ईरे’ची रूपे इतकी झिजली की ती कानाला लागेनात. तेव्हा वर्तमानकाळाची जागा ‘वादेरे’ने घेतली, साध्या भूतकाळाची ‘फुई’ने, आणि ‘ईरे’कडे रीतिभूत, भविष्य व मूळ रूप एवढेच उरले. एका नावाखाली तीन घराणी नांदू लागली.

हे वाचून आम्ही प्रथम हसलो आणि मग थांबलो. आपले ‘जाणे’ तरी काय आहे? ‘जातो, जाईन, जावे’ ही रूपे संस्कृत ‘या’ धातूची, ज्याचे ‘याति’ होते. ‘गेला, गेली, गेले’ ही ‘गम्’ची, ‘गत’पासून निघालेली. त्यातच ‘आ’ लावला की ‘आगत’, आणि त्याचा आपला ‘आला’. इंग्रजीतला ‘वेन्ट’ असाच दुसऱ्या एका क्रियापदाकडून उसना आणलेला. फ्रेंचांनीही एका ‘जाण्या’साठी तीन घरचे सामान जमविले आहे. जो रस्ता सर्वांत वापरात, तोच सर्वांत उखडलेला आणि ठिगळे लावलेला असावयाचा. क्वचित लागणारी क्रियापदे मुले नियमाने बनवितात. रोज शंभरदा कानी पडणारी मात्र नियम कळण्यापूर्वीच पाठ झालेली असतात, म्हणून त्यांचे वाकडेपण टिकते.

आमच्या शाळेत घरी कन्नड बोलणारी मुलेही येतात. “सर, तो काल गावाला जाला,” असे त्यांतला एखादा हमखास म्हणतो. दुसरा ‘करला’ म्हणतो. वर्ग हसतो, आणि आम्ही वहीत तांबडी रेघ ओढतो. आता वाटते, त्या मुलाचे चुकले काय? ‘बस’चे ‘बसला’, ‘चाल’चे ‘चालला’, तर ‘जा’चे ‘जाला’ का नको? त्याने नियम अचूक ओळखला. भाषेनेच तो पाळलेला नाही. आणि ज्ञानेश्वरी वाचलेल्यांस ठाऊक आहे की ‘जाला’ हे रूप जुन्या मराठीत होतेच; फक्त ते ‘जाणे’चे नसून ‘होणे’चे होते. आजचा ‘झाला’ तो हाच. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या चुकीत ‘जाणे’ आणि ‘होणे’ एकमेकांच्या अंगावर आले. स्पॅनिशमध्ये तर ती चूक नसून व्याकरण आहे!

कारण ‘फुई’ हे ‘जाणे’चे रूप, तसेच ‘असणे’चेही. ‘फुए मायेस्त्रो’ म्हणजे तो शिक्षक होता. ‘फुए आ ला एस्कुएला’ म्हणजे तो शाळेत गेला. सहाच्या सहा रूपांत एका अक्षराचाही फरक नाही. आम्ही कन्येस विचारले, “मग यांचा गोंधळ होत नाही?” ती म्हणाली, “बाबा, पुढे ‘आ’ आला की गेला, नाहीतर होता.” उपाय सोपा खरा. आणि विचार केला तर आपणही म्हणतोच की, “आम्ही दोन वर्षे धारवाडास होतो.” होतो म्हणजे गेलो असलोच पाहिजे. लॅटिन माणसाने ‘मी तिथे होतो’ असे सांगता सांगता ‘मी तिथे गेलो’ हा अर्थ त्या शब्दात भरला असावा, असे आम्ही आपल्यापुरते समाधान करून घेतले. तरीही ‘फुए’पाशी आम्ही पुष्कळ अडखळलो. वाचताना शब्द दिसला की माणूस होता की गेला, हे ठरेपर्यंत पुढचे वाक्य निघून जाई.

रूपे पाठ होऊ लागली तेव्हा वापराकडे वळलो, आणि इथे मात्र माहेरी आल्यासारखे वाटले. स्पॅनिश माणूस भेटला की विचारतो, “कोमो ते बा?” ‘बा’ म्हणजे जातो, हे आपण पाहिलेच. तेव्हा शब्दशः ‘तुला कसे जाते?’ आपण तरी दुसरे काय विचारतो? “कसं काय चाललंय?” सर्वांनी मिळून निघावयाचे असेल तर ते ‘बामोस!’ म्हणतात, आपण ‘चला!’ म्हणतो. आणि खेळाडूस जोर चढावा म्हणून प्रेक्षक ओरडतात तेही ‘बामोस!’ प्रकृती हळूहळू सुधारत जाते, यात आपण ‘जाणे’ जसे जोडतो, तसेच ते ‘बा मेहोरांदो’ म्हणतात : सुधारत जाते. भविष्य सांगावयाचे तरी हाच शब्द : ‘बोय आ कोमेर’, मी जेवणार आहे, शब्दशः ‘जेवावयास जातो’, मग तो जागचा हललेला नसला तरी. ‘बा आ योबेर’ म्हणजे पाऊस पडणार. बेळगावात आपण आभाळ पाहून “पाऊस येणार” म्हणतो. त्यांचा पाऊस पडावयास जातो. मृगापासून चार महिने पावसात काढणाऱ्यांना पावसाचे जाणे हे येण्यापूर्वीचे वाटणे कठीणच. असो.

दक्षिण अमेरिकेतल्या आर्जेन्टिना देशात तर याहून मौज आहे. तिथे ‘तू’साठी ‘बोस’ असे निराळे सर्वनाम चालते. त्याचे ‘जा’ असे आज्ञार्थी रूप नियमाने करू गेले तर केवळ एक ‘इ’ उरते. एवढ्याशा शब्दाने कोण जाणार? म्हणून तिथली मंडळी चालणे या अर्थाचे निराळेच क्रियापद घेऊन ‘आंदा’ म्हणतात. म्हणजे आधीच्या तीन घराण्यांत हे चौथे. आणि स्पेनमध्ये ‘तुम्ही निघा’ हे सांगण्याचे शुद्ध रूप ‘इदोस’ असता लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘इरोस’ म्हणत राहिले. १७१३ साली स्थापन झालेल्या त्यांच्या राजमान्य भाषा-अकादमीने अखेर २०१७ साली हात टेकले आणि ‘इरोस’ही चालेल असे जाहीर केले. तीनशे वर्षांची विद्वत्सभा एका क्रियापदापुढे नमली, हे वाचून आमच्यासारख्या तांबड्या शाईच्या धन्यास काय वाटले असेल, ते वाचकांनीच ओळखावे.

आता आमच्या फजितीची कथा.

नातीला शाळेतून घरी आणण्याचे काम शेजारच्या एक आजीबाई करतात. सत्तरीच्या आहेत. पैसा घेत नाहीत. दिवाळीचा फराळ मात्र आवडीने खातात, आणि चकलीला स्वतःचे काही नाव देतात. त्यांचे आभार त्यांच्या भाषेत मानावे, असे आम्ही ठरविले होते. भाऊबीजेच्या दिवशी त्या पडद्यावर आल्या. आम्ही पाठ केलेली दोन वाक्ये न अडखळता म्हटली. आजीबाई प्रसन्न झाल्या आणि हात पसरून म्हणाल्या, “बेंगा उस्तेद!” म्हणजे, आपण या इकडे! आम्हांस ते समजले. समजल्याचा आनंद अनावर होऊन आम्ही वहीतले सर्वांत भारदस्त रूप काढले आणि उच्च स्वरात उत्तर दिले, “मे बोय!”

आजीबाईंचा हात हवेतच राहिला. त्या क्षणभर कन्येकडे, क्षणभर आमच्याकडे पाहू लागल्या. मग अत्यंत सौजन्याने हात हलवीत “आदिओस, आदिओस, के ले बाया बिएन” असे म्हणून बाजूला झाल्या.

नात पोट धरून हसत होती. “आबा, तू ‘बोय’ म्हणायचं होतंस. ‘मे बोय’ म्हणजे ‘मी निघतो’!”

‘बोय’ म्हणजे कुठेतरी जाणे. जाण्याच्या ठिकाणाकडे त्याची दृष्टी असते. त्यास ‘मे’ लागला की दृष्टी मागे वळते : मी इथून निघतो, हे स्थळ सोडतो. एका अक्षराने ‘आपल्याकडे येतो’चे ‘पुरे झाले, निघतो’ झाले. आणि आजीबाईंनी निरोप देताना म्हटलेल्या ‘बाया’तही आमचेच क्रियापद बसलेले होते! ‘के ले बाया बिएन’ म्हणजे ‘आपले सर्व चांगले चालो’. आपले विद्यार्थी फळ्यापुढे उभे राहून घाम पुसतात तेव्हा त्यांस काय होत असेल, हे तीस वर्षांनी आम्हांस प्रथम कळले. वहीत त्या तारखेस नातीच्या सांगण्यावरून तांबडी रेघ ओढलेली आहे.

तथापि ज्या प्रश्नासाठी वही घेतली, त्याचे उत्तर या फजितीतूनच मिळाले. स्पॅनिशमध्ये येणे आणि जाणे यांचा निवाडा बोलणाऱ्याच्या पायांपाशी होतो. तो जिथे उभा आहे तिथून दूर पाऊल पडणार असेल तर ते ‘जाणे’. मग ते ऐकणाऱ्याच्या दिशेने का असेना. आपली मुलगी आतल्या खोलीतून आजीकडे निघाली; तिच्या पायांच्या हिशेबी ती जातच होती. आपण मराठी माणसे मात्र हा हिशेब ऐकणाऱ्याच्या जागेवरून मांडतो. “उद्या तुमच्या घरी येतो,” असे आपण आपल्या घरी बसून म्हणतो. समोरच्याच्या ओसरीवर मनाने आधीच जाऊन बसतो आणि तिथून स्वतःला येताना पाहतो. हाकेस उत्तर देताना तर आपण त्याहून पुढे जातो. “आलो, आलो!” म्हणतो, आणि अंगरख्याचे गुंडे अजून लावावयाचे असतात. आमच्या कन्नड शेजाऱ्यांचीही रीत हीच : “बंदे, बंदे!”

गोव्यात आमचे एक वयोवृद्ध स्नेही आहेत. १९६१ पूर्वी पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेले. त्यांना फोनवर विचारले तेव्हा पोर्तुगीज क्रियापद त्यांनी पावकी-निमकीसारखे म्हणून दाखविले. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. तिच्यातही ‘फुई’चा तोच गोंधळ, आणि हाकेस ओ देण्याची रीतही तीच. पण स्पॅनिश माणूस ‘या बोय’ म्हणतो, तिथे पोर्तुगीज माणूस म्हणतो ‘जा वो’. ‘लगेच’ या एकाच अर्थाचा शब्द एका बहिणीच्या तोंडी आमच्या कानास ‘या’ ऐकू येतो आणि दुसरीच्या तोंडी ‘जा’! स्नेही म्हणाले, लहानपणी त्यांची आई कोकणीतून हाक मारी आणि ते शाळेच्या सवयीने ‘जा वो’ म्हणत; त्यावर आई म्हणे, “जा कोणाला म्हणतोस रे?” सौभाग्यवतींस ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांचा श्रावणातला रुसवा पुरता गेला.

मातोश्रींचा प्रश्न मात्र निराळा होता. त्यांचे म्हणणे निरोपासंबंधी होते, आणि तिथे पायांचा हिशेब चालत नाही. आपल्याकडे उंबरठ्यावर उभे राहून कोणी ‘जातो’ म्हणत नाही. दिवा विझला असे म्हणत नाहीत, बांगडी फुटली असे म्हणत नाहीत, तसेच हे. ‘येतो’ म्हणावयाचे आणि जावयाचे. कन्नडमध्ये ‘होगि बर्तीनि’ म्हणतात, जाऊन येतो. त्यात निदान जाण्याची कबुली आहे. आपण तीही देत नाही.

डिसेंबरात शाळेला नाताळाची सुटी लागल्यावर कन्या, जावई आणि नात तीन आठवड्यांसाठी बेळगावास आली. नातीने मातोश्रींचा ताबा घेतला. शहाऐंशी वर्षांची पणजी आणि पाच वर्षांची पणती दुपारभर अंगणात बसून शेंगा सोलीत. मातोश्री आमच्या भागातल्या जुन्या बायकांप्रमाणे स्वतःस ‘मी येतो, मी करतो’ असे म्हणत; ते ऐकून नातही ‘मी येतो’ म्हणू लागली. कन्या तिला सुधारू लागली तेव्हा आम्हीच अडविले. ‘बोय’ला तरी कुठे बाईमाणूस आणि बुवामाणूस असा भेद आहे?

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांची परत जाण्याची वेळ आली. चोर्ल्याच्या घाटाने गोव्याच्या विमानतळावर जावयाचे होते. मोटार पहाटे चारला दारात आली. मातोश्री उठून ओसरीवर बसल्या होत्या. सौभाग्यवतींनी एकेकाच्या तळहातावर दही घातले. नात पणजीच्या पाया पडली आणि म्हणाली, “पणजी, मी जातो.”

“जातो म्हणू नये, बाळा. येतो म्हणावं.”

“पण मी तर जाते आहे!” असे म्हणून तिने मोटारीकडे बोट केले.

मातोश्रींनी तिचा हात सोडला नाही. त्या काही बोलल्याही नाहीत. मोटारवाल्याने दिवे लावले; जावई घड्याळ पाहू लागले. पोरीचा मुद्दा बिनतोड होता. खोटे बोलावयास तिला कोणी शिकविले नव्हते. तेव्हा आम्ही खाली बसलो आणि जवळ होते नव्हते ते स्पॅनिश गोळा करून तिला म्हटले, “हे बघ, पणजीचा ‘येतो’ म्हणजे तुझा ‘बुएल्बो’.” बुएल्बो म्हणजे परत येतो.

तिने थोडा विचार केला. मग आईला विचारले, “कधी?”

“पुढच्या डिसेंबरात,” कन्या म्हणाली.

नातीने बोटांवर महिने मोजले. मोजून झाल्यावर पणजीकडे वळून म्हणाली, “येतो.” तेव्हा मातोश्रींनी हात सोडला.

फाल्गुनात मातोश्री गेल्या. चार दिवसांचे आजारपण. त्यातले तीन दिवस त्यांची शुद्ध नव्हती. कन्येस येणे शक्य नव्हते. तेराव्यानंतरच्या रविवारी सौभाग्यवतींनी फोन पुन्हा तांब्याला टेकवून उभा केला. नात समोर येऊन बसली. तिला सर्व सांगितलेले होते. शेजारच्या आजीबाईंनी तिला जवळ घेऊन ‘से नोस फुए’ म्हटले होते. म्हणजे आपल्याला सोडून गेली. आमच्या वहीतला तोच ‘फुए’. ती काही वेळ आमच्या मागची रिकामी ओसरी पाहत होती. मग तिने विचारले, “आबा, पणजी ‘येतो’ म्हणाली का?”

आम्ही सांगितले की, पणजीला बोलता येत नव्हते.

“बाले,” ती म्हणाली. बाले म्हणजे बरे, ठीक आहे. थोडा वेळ ती तशीच बसून राहिली, आणि मग आतून तिच्या आईने हाक मारली म्हणून उठून गेली.